पहिल्या पिचच्या आधी: अमेरिकेतील हायस्कूल सॉफ्टबॉलचा हंगामपूर्व नियमविचार

सॉफ्टबॉलच्या मैदानात वेळ फार थोडा असतो. अमेरिकेतील हायस्कूलच्या मुलींच्या सामन्यात पिचिंग प्लेटची पुढची कड आणि होम प्लेटचे मागचे टोक यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते. पिचर लांब पाऊल टाकत चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सदतीसेक फूटच जायचे असते. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४२ सेकंदात कापतो. आता हाच हिशेब उलट दिशेने करून पाहू. बॅटला मान्यता देताना मारलेल्या चेंडूच्या वेगाची मर्यादा ताशी ९८ मैल धरली जाते. त्या वेगाने सरळ परत आलेला चेंडू पिचरपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पिचरच्या वाट्याला उरतो तो सेकंदाचा विसावा हिस्सा.

बेसवरच्या पंचाचा हिशेबही असाच आहे. होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचे ६० फूट चपळ मुलगी तीन सेकंदांच्या आसपास पळते. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने चेंडू अडवायचा, उचलायचा आणि फेकायचा. पंचाने त्याच वेळात जागा बदलायची, पाय स्थिर करायचे, बेसवर पडणारे पाऊल पाहायचे आणि ग्लोव्हमध्ये चेंडू शिरल्याचा आवाज ऐकायचा. नियमाचा अर्थ काय, हा विचार त्या तीन सेकंदांत करणे शक्य नाही. तो आधीच झालेला असावा लागतो.

म्हणून या खेळातील हंगामपूर्व नियमांकडे कार्यालयीन उपचार म्हणून पाहणे मला मान्य नाही. नोंदणीचे अर्ज, ऑनलाइन अभ्यासक्रम, नियमांची बैठक, लेखी परीक्षा, साधनांची तपासणी हा सारा खटाटोप मैदानात न मिळणारा वेळ आधीच उभा करून ठेवण्यासाठी असतो. या विवेचनात मी या गोष्टींचे तीन प्रकार धरतो. पहिला पात्रतेचा: मैदानात कोण उभे राहू शकते. दुसरा साधनांचा: मैदानात काय आणता येते. तिसरा अर्थाचा: प्रशिक्षक आणि पंच एकाच वाक्याचा एकच अर्थ लावतात का. पहिल्या दोन प्रकारांवर व्यवस्थेने बरीच मेहनत घेतली आहे. तिसऱ्याकडे तिचे लक्ष कमी आहे, आणि सामन्यातली बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

नियमांचा उगम आणि त्यांच्या पायऱ्या

हा खेळ जन्माला आला १८८७ साली शिकागोत, फॅरागट बोट क्लबच्या सभागृहात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. जॉर्ज हॅनकॉकने बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला आणि बेसबॉल छपराखाली आणला. पुढची कित्येक वर्षे गावागणिक चेंडू वेगळा, अंतर वेगळे आणि नियमही वेगळे होते. १९३३ मध्ये अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि नियमांना एकरूपता येऊ लागली. हीच संस्था आज यूएसए सॉफ्टबॉल म्हणून ओळखली जाते.

शाळांचा खेळ मात्र वेगळ्या छत्राखाली आहे. नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही १९२० पासूनची संस्था असून तिचे मुख्यालय इंडियानापोलिसमध्ये आहे. पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा अशा एकावन्न संघटना तिच्या सदस्य आहेत. फेडरेशन नियमपुस्तिका काढते. ती लागू करणे, तिच्यातले पर्याय निवडणे, प्रशिक्षकांची पात्रता ठरवणे आणि पंचांची नोंदणी करणे ही कामे राज्य संघटनांची. मोठ्या आघाडीमुळे सामना लवकर संपवायचा का, बरोबरी सोडवायला टायब्रेकर वापरायचा का, नियम चुकीचा लावल्याबद्दल निषेध नोंदवता येईल का, असे काही प्रश्न पुस्तिकेने मुद्दाम राज्यांवर सोपवले आहेत. पंचाने स्वतःच्या नजरेने दिलेल्या निर्णयावर मात्र कुठेच निषेध नोंदवता येत नाही. शेजारच्या राज्यातून बदलून आलेल्या अनुभवी प्रशिक्षकालाही हंगामापूर्वीच्या बैठकीला बसावे लागते ते याच कारणाने: पुस्तिका ओळखीची असली, तरी तिच्यातल्या रिकाम्या जागा इथे कशा भरल्या आहेत हे त्याला माहीत नसते.

कॅलेंडरही एकसारखे नाही. बहुतेक राज्यांत सॉफ्टबॉल वसंतात होते. जॉर्जिया, नेब्रास्का, मिझुरी, कोलोरॅडो येथे ते शरद ऋतूत, तर आयोवात उन्हाळ्यात. त्यामुळे ‘हंगामपूर्व’ म्हणजे एके ठिकाणी बर्फ वितळायच्या आधीचा, व्यायामशाळेतला सराव असतो आणि दुसरीकडे ऑगस्टच्या उकाड्यातला. पहिल्या ठिकाणी प्रशिक्षकाने पिचरचा खांदा हळूहळू तापवायला हवा, दुसऱ्या ठिकाणी पाणी, सावली आणि विश्रांती यांचे वेळापत्रक आधी बसवायला हवे. पुस्तिका एकच असली तरी तयारी वेगवेगळी.

शब्द बदलतो तेव्हा

नियम समिती वर्षातून एकदा बसते. तिने सुचवलेले आणि मंजूर झालेले बदल पुढच्या हंगामापासून लागू होतात. सोबत काही ‘भर देण्याचे मुद्दे’ येतात. हे नियम जुनेच असतात, पण मैदानात ते ढिले पडलेले दिसले म्हणून समिती त्यांची आठवण करून देते. माझ्या मते प्रशिक्षकाने नव्या बदलांच्या आधी हेच मुद्दे वाचावेत. यंदा पंच कोणत्या गोष्टीकडे बारकाईने पाहणार आहेत, हे त्यांतून कळते.

पिचिंगच्या अंतराचे उदाहरण घेऊ. २०१०-११ च्या हंगामापासून ४० फुटांचे अंतर ४३ फूट झाले. कागदावर बदल तीन फुटांचा. पण बॅटरला चेंडू पाहायला थोडा अधिक वेळ मिळाला, चेंडू बॅटला अधिक लागू लागले, आणि फक्त पिचरच्या जोरावर उभे असलेले संघ क्षेत्ररक्षणाकडे वळले. चाळीस फुटांवर पडणारा ड्रॉप बॉल त्रेचाळीस फुटांवर कुठे पडेल, हे पिचरला नव्याने शिकावे लागले. पंचालाही तो चेंडू प्लेटवर येतो तेव्हा काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या स्ट्राइक झोनमध्ये बसतो की नाही, याची नजर नव्याने बसवावी लागली. मैदान आखणाऱ्या माणसाने जुन्या खुणेवरच प्लेट ठोकली असती, तर सगळी मेहनत वाया गेली असती. म्हणून टेपने अंतर मोजणे हे प्रशिक्षकाचे हंगामातले पहिले काम. त्यासाठी पहिल्या सामन्याची वाट पाहू नये.

दुसरे उदाहरण पिचरच्या पायांचे. वर्षानुवर्षे नियम असा होता की मागचा पाय जमिनीला घासत आला पाहिजे. दोन्ही पाय हवेत गेले तर ती उडी, आणि म्हणून पिच बेकायदेशीर. गेल्या काही वर्षांत हा नियम बदलला. आता पाय हवेत गेला तरी चालतो, मात्र तो पुन्हा जमिनीवर रोवून तिथून दुसऱ्यांदा जोर घेता येत नाही. पंचाच्या दृष्टीने हे अवघड प्रकरण आहे. वीस वर्षे त्याची नजर मागच्या पायाखालची मोकळी हवा शोधायला शिकली, आता तिला ती हवा सोडून पायाचा दुसरा ठोका शोधायचा आहे. नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणे जास्त कठीण असते. बैठकीतल्या पडद्यावर वाक्य वाचून ते होत नाही. त्यासाठी पाच-सहा पिचरची चित्रफीत हळू गतीने, बाजूने आणि समोरून पाहावी लागते. मागच्या वर्षी ज्या मुलीला तीन वेळा बेकायदेशीर पिच दिली, ती यंदा नियमात आहे हे प्रशिक्षकाला ठाऊक आहे आणि पंचाला नाही, अशी स्थिती आली तर पहिल्याच इनिंगमध्ये ठिणगी पडते.

शब्दाच्या फरकाने नियमाचा गाभा बदलतो, याचे याहून गंभीर उदाहरण डोक्याच्या दुखापतीचे आहे. २०१० पूर्वी फेडरेशनच्या नियमांत खेळाडू बेशुद्ध किंवा बेशुद्ध झाल्यासारखा दिसला, तर त्याला बाहेर काढायचे, अशी भाषा होती. २०१० मध्ये ती बदलली. मेंदूला धक्का बसल्याची चिन्हे, लक्षणे किंवा वागणूक दिसताच खेळाडूला ताबडतोब सामन्यातून काढायचे, आणि योग्य आरोग्यतज्ज्ञाने परवानगी दिल्याखेरीज परत आणायचे नाही. जुन्या वाक्यात पंचाला जवळजवळ डॉक्टर व्हावे लागे. नव्या वाक्यात त्याने फक्त पाहायचे: मुलगी चाचपडते आहे का, चुकीच्या बेसकडे निघाली का, स्कोअर विचारला तर गोंधळली का. निदान इतर कोणी करेल. जबाबदारीची ही वाटणी मला फार मोलाची वाटते, कारण तिने सामान्य नजरेच्या माणसालाही मुलीचा जीव वाचवण्याच्या साखळीत आणले.

याविषयीच्या राज्यांच्या कायद्यांमागे एक मुलगा आहे. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा अमेरिकन फुटबॉलपटू डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत उतरला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत अशा स्वरूपाचे कायदे झाले. त्यांतल्या बहुतेकांत प्रशिक्षकाचे प्रशिक्षण आणि पालक-खेळाडूंना लेखी माहिती या गोष्टी येतात. फेडरेशनचा या विषयावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे. हंगामापूर्वी प्रशिक्षकाच्या फाइलमध्ये जाणारे ते प्रमाणपत्र कुठून आले, हे त्याला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. म्हणजे तो अभ्यासक्रम नुसत्या क्लिक करत संपवणार नाही.

पात्रता

याबद्दल थोडक्यात. राज्यागणिक तपशील बदलतात, पण साचा ओळखीचा आहे. प्रशिक्षणाच्या मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम, प्रथमोपचार, कृत्रिम श्वसन आणि हृदयदाबाचे प्रशिक्षण, डोक्याच्या दुखापतीचा अभ्यासक्रम, पार्श्वभूमीची पडताळणी. पेनसिल्व्हेनियाने २०१२ मध्ये आकस्मिक हृदयबंदाबद्दल देशातला पहिला कायदा केला आणि प्रशिक्षकांना दरवर्षी त्याचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. खेळाडूसाठी वैद्यकीय तपासणीचा अर्ज, पालकांची संमती, शैक्षणिक पात्रता. हे कागद पुरे नसतील, तर मुलीने सरावालाही उतरू नये. पुष्कळदा प्रशिक्षक ‘फक्त झेलाझेलीच आहे’ म्हणून तिला उभे करतात. ती चूक आहे, कारण दुखापत सराव आणि सामना असा भेद करत नाही.

कागदांहून महत्त्वाची आहे आणीबाणीची योजना. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र कोणत्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली संध्याकाळी सहानंतर कुणाकडे असते, रुग्णवाहिका मैदानाच्या कोणत्या फाटकातून येईल आणि ते फाटक कोण उघडेल, ही प्रश्नोत्तरे लेखी असावीत आणि एकदा प्रत्यक्ष पळून पाहिलेली असावीत. सॉफ्टबॉलचे मैदान अनेकदा शाळेच्या मुख्य इमारतीपासून दूर, फुटबॉलच्या मैदानापलीकडे असते. ते अंतर पायांनी मोजल्याशिवाय कळत नाही.

विजेबद्दलचा नियमही आधीच पाठ हवा. गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली की खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटापासून किंवा विजेपासून ३० मिनिटे थांबायचे. मधे पुन्हा ऐकू आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. इथे प्रशिक्षकाने पंचाशी घासाघीस करू नये. स्टँडमधले पालक करतातच. म्हणूनच पालकांच्या हंगामपूर्व सभेत हा नियम मोठ्याने वाचून दाखवावा.

साधने आणि एक छोटे ‘हो’

सॉफ्टबॉलमधल्या साधनांच्या नियमांचा पाया पाव सेकंदाच्या त्या हिशेबात आहे. चेंडू १२ इंच परिघाचा, पिवळा, फेडरेशनचा शिक्का असलेला. त्याची उसळी आणि कठीणपणा दोन्हींवर मर्यादा. बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब, ३८ औंस वजनाची आणि सव्वादोन इंच व्यासाची. तिच्यावर मान्यतेचा शिक्का हवा आणि ती अमान्य बॅटच्या यादीत नसावी. ही यादी बदलत असते. मागच्या हंगामात चाललेली बॅट यंदा चालेलच असे नाही, म्हणून ती यादी हंगामापूर्वी आणि नंतरही अधूनमधून पाहावी लागते.

संमिश्र धाग्यांच्या बॅटचा एक गुण पालकांना माहीत नसतो. ती वापरता वापरता मऊ होते आणि चेंडू अधिक जोराने उडवू लागते. म्हणून काही जण ती रोलरखाली दाबून किंवा आतून घासून हा परिणाम मुद्दाम आणतात. बाहेरून बॅट तशीच दिसते, शिक्काही तसाच असतो. पण तिच्यातून निघालेला चेंडू ज्या मुलीकडे जातो, तिचा सेकंदाचा विसावा हिस्साही जातो. अशा बॅटला नियमात ‘बदललेली बॅट’ म्हणतात आणि तिची शिक्षा कठोर आहे. तडा गेलेली बॅट आणि तडा गेलेले हेल्मेट हा त्याहून साधा, रोजचा प्रश्न. २००६ पासून बॅटरच्या हेल्मेटला चेहऱ्याची जाळी सक्तीची आहे. हेल्मेटवर नॉक्से या सुरक्षा-प्रमाणक संस्थेचा शिक्का आणि इशाऱ्याची चिठ्ठी दिसायला हवी. हौसेने रंगवलेले, घरी स्क्रू मारून जाळी बसवलेले हेल्मेट दिसायला छान असते, पण उत्पादकाने तपासलेली वस्तू ती उरत नाही.

या सगळ्याची जबाबदारी कुणाची? पुष्कळांना वाटते पंचाची. नियम मात्र स्पष्ट आहे. सामन्यापूर्वीच्या भेटीत मुख्य प्रशिक्षकाने स्वतः हजर राहून प्लेटवरच्या पंचाला खात्री द्यायची असते की आपले सर्व खेळाडू आणि साधने नियमात आहेत. प्रशिक्षक ‘हो’ म्हणतो. एका अक्षराचे उत्तर, पण त्यात अठरा हेल्मेटे, वीस-बावीस बॅट, कॅचरचा गळ्याचा संरक्षक आणि बुटांचे स्पाइक सगळे येते. नंतर एखादी मुलगी अमान्य बॅट घेऊन बॅटरच्या चौकटीत शिरली, तर ती बाद होतेच, शिवाय शिक्षा प्रशिक्षकापर्यंत पोचते, कारण शब्द त्याने दिला होता. अनेक ठिकाणी बॅट आणि हेल्मेटे डगआउटबाहेर मांडून पंच त्यांवर नजर फिरवतात. ती नजर जादाची आहे. खरी तपासणी हंगामापूर्वी, निवांत दुपारी, प्रत्येक बॅट हातात फिरवून, शिक्का वाचून, नोंद करून व्हायला हवी. महिन्याभराने पुन्हा एकदा. वाढदिवसाला मिळालेली नवी बॅट सहसा हंगामाच्या मध्येच पिशवीतून बाहेर येते.

दहावे नाव

अर्थाच्या प्रकाराकडे आता वळू. त्यासाठी डीपी आणि फ्लेक्स यांच्याइतके बोलके उदाहरण नाही.

साधा संघ नऊ जणींचा. प्रशिक्षकाला हवे असेल तर तो दहा नावे देऊ शकतो. दहावे नाव ‘फ्लेक्स’चे. ती क्षेत्ररक्षण करते आणि तिच्या जागी ‘डीपी’, म्हणजे नियुक्त खेळाडू, बॅटिंग करते. इथपर्यंत सगळ्यांना कळते. पुढचा भाग असा की डीपी कोणाच्याही जागी क्षेत्ररक्षणाला येऊ शकते. ती फ्लेक्सच्या जागी आली तर फ्लेक्स सामन्याबाहेर गेली आणि संघ नऊवर आला. ती दुसऱ्या कोणाच्या जागी आली, तर ती दुसरी मुलगी बाहेर जात नाही, फक्त बॅटिंग करत राहते आणि संघ दहाच राहतो. फ्लेक्स बॅटिंगला किंवा धावायला येऊ शकते, पण फक्त डीपीच्या क्रमांकावर. आली की डीपी बाहेर आणि संघ पुन्हा नऊ. सुरुवातीच्या संघातली प्रत्येक मुलगी बाहेर गेल्यावर एकदा परत येऊ शकते. दहावरून नऊ, नऊवरून दहा, असे पुन्हा पुन्हा चालते. पण सुरुवात नऊने केली असेल, तर मधेच दहा करता येत नाहीत.

हे वाचताना डोके थोडे गरगरले असेल तर नवल नाही. आता हाच परिच्छेद पाचव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, कुंपणाजवळ उभे राहून समजावण्याची कल्पना करा. प्रशिक्षक नावे सांगतो, पंच कार्डावर लिहितो, स्कोअर लिहिणारी दुसरेच लिहिते, आणि विरोधी प्रशिक्षक बोट वर करतो. चौघांनीही पुस्तिका वाचलेली असते. तरी चार अर्थ निघतात, कारण चौघांनी ती वेगवेगळी, एकेकट्याने वाचलेली असते.

यावर मला एकच उपाय खरा वाटतो. हंगामापूर्वी कार्डे घेऊन बसायचे. दहा चिठ्ठ्यांवर दहा नावे लिहायची आणि बदल करत जायचे. प्रशिक्षक, पंच आणि स्कोअर लिहिणारे एकाच टेबलाभोवती. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न: आता आपण नऊ आहोत की दहा? अर्ध्या तासात हा नियम हातात बसतो. बैठकीतल्या चाळीस स्लाइडनी तो बसत नाही.

या व्यवस्थेवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. बहुतेक राज्यांत पंचाला लेखी परीक्षा द्यावी लागते. प्रश्नांची संख्या आणि उत्तीर्णतेची रेषा राज्याप्रमाणे बदलते, पण परीक्षा असते आणि तिच्या निकालावर त्याची श्रेणी ठरू शकते. प्रशिक्षकाला मात्र पुष्कळ ठिकाणी नियमांचे सादरीकरण पाहून हजेरी लावली की पुरते. पंधरा मुलींना नियम शिकवणारा माणूस हा आहे. त्याच्याकडून अर्धवट कळलेला नियम पंधरा घरांत जातो आणि शनिवारी स्टँडमधून ओरडा होऊन परत येतो. पंचाइतकीच परीक्षा प्रशिक्षकाचीही व्हावी, आणि तीही पुस्तक उघडे ठेवून, एकत्र. पाठांतर तपासण्यापेक्षा कलम किती पटकन सापडते आणि त्याचा अर्थ दुसऱ्याला कसा समजावता येतो, हे पाहण्यात जास्त अर्थ आहे.

पंचाची नजर आणि पाय

परीक्षा उत्तीर्ण झालेला पंच अजून तयार झालेला नसतो. नियमाचे ज्ञान एक, नियम दिसणे दुसरे. दोन पंचांच्या सामन्यात एक प्लेटमागे आणि एक बेसवर असतो. बेसवर कोणी नसताना बेसचा पंच पहिल्या बेसच्या मागे, रेषेबाहेर, १८ ते २१ फुटांवर उभा राहतो. पुढे त्याचे सगळे चालणे एका सूत्रावर: चेंडू बाहेर गेला की पंच आत, चेंडू आत राहिला की पंच बाहेर. हेतू असा की चेंडू, बेस, क्षेत्ररक्षक आणि धावणारी, चारही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात राहाव्यात. जवळ जाण्यापेक्षा कोन मोलाचा, हे नवख्या पंचाला पटत नाही. तो बेसकडे धावत जातो आणि नेमक्या क्षणी क्षेत्ररक्षकाची पाठ त्याच्यासमोर येते. पायांची ही सवय फेब्रुवारीत, व्यायामशाळेत टेपचे बेस चिकटवून, चेंडूशिवाय चालून लावावी लागते.

प्लेटवरच्या पंचाला पिच पाहायला हव्यात, शेकड्यांनी. हंगामापूर्वी एखाद्या शाळेच्या सरावाला जाऊन पिचरच्या मागे नाही तर कॅचरच्या खांद्याआडून उभे राहायचे आणि मनात बॉल-स्ट्राइक म्हणत जायचे. वर चढणारा राइज बॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास फसवतो. दोन संघांचा सराव-सामना ही तर सोन्यासारखी संधी. तिथे खेळ थांबवून प्रशिक्षक विचारू शकतो, ‘हे ऑब्स्ट्रक्शन का दिलंत?’ आणि पंच सांगू शकतो की क्षेत्ररक्षक चेंडू हातात नसताना वाटेत उभी होती, चेंडू येत होता एवढे पुरत नाही. डावा हात आडवा ताठ करून तो खेळ पुढे चालू देतो आणि चाल संपल्यावर निर्णय देतो, हेही तिथेच मुलींना दाखवता येते. खऱ्या सामन्यात हाच प्रश्न विचारला, तर तो वाद होतो.

पंचांची संख्याही या विचारात घ्यायला हवी. २०१८-१९ नंतरच्या तीन हंगामांत सर्व खेळांतील मिळून सुमारे ५०,००० हायस्कूल पंचांनी काम सोडल्याचे फेडरेशनने सांगितले. महामारी हे एक कारण होते, पालकांची आणि प्रशिक्षकांची वागणूक हे दुसरे. परिणाम असा की प्लेटमागे आज पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा पंच असण्याची शक्यता वाढली आहे. त्याच्यावर ओरडून तो सुधारणार नाही, तो घरी बसेल. अनेक राज्यांत बाहेर काढलेल्या प्रशिक्षकाला पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते. पण शिक्षेपर्यंत जाण्याआधी करण्यासारखे बरेच आहे आणि ते सगळे हंगामपूर्व आहे: पंचाला सरावाला बोलावणे, मुलींसमोर त्याची ओळख करून देणे, बदली खेळाडू कळवताना काय आणि कसे बोलायचे हे त्याच्याकडूनच त्यांना ऐकवणे.

महाराष्ट्राच्या बाजूने एक नोंद

आपल्याकडे शालेय सॉफ्टबॉल तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी, वयोगटांप्रमाणे खेळले जाते. भारतातला खेळ आंतरराष्ट्रीय नियमांशी जोडलेला आहे. मुलींसाठी पिचिंगचे अंतर आपण १३.११ मीटर म्हणतो ते अमेरिकेतले ४३ फूटच, आणि बेसमधले १८.२९ मीटर म्हणजे ६० फूट. पण महिनोन्‌महिन्यांचा हंगाम आपल्याकडे नाही. स्पर्धा थोड्या दिवसांत उरकते, एक सामना हरला की पुष्कळदा वर्षच संपते. म्हणून नियमांची चर्चा स्पर्धेच्या सकाळी, ड्रॉ काढताना होते. तिथे कुणाला शिकायची सवड नसते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात मुलगी शाळेच्या संघात असेल, तर तिच्या आईवडिलांना हंगामापूर्वीच्या पालकसभेची चिठ्ठी येते. कागदपत्रांची ती लांबलचक यादी पाहून त्यांना आश्चर्य वाटते. एवढी कागदपत्रे नसली, तरी शाळेच्या क्रीडाशिक्षकाला स्पर्धेच्या महिनाभर आधी शेजारच्या दोन शाळा आणि एक पंच बोलावून नियम समजून घेण्याची एक दुपार आपल्याकडेही काढता येईल. त्यासाठी परवानगी लागत नाही, खर्चही नाही.

होम प्लेटवर

सामन्याच्या काही मिनिटे आधी दोन्ही प्रशिक्षक आणि पंच होम प्लेटवर जमतात. मैदानाच्या खास अडचणी बोलल्या जातात: कुंपणाला भोक आहे तिथून चेंडू गेला तर किती बेस, डगआउटच्या कडेची रेषा कुठवर. संघांच्या याद्या दिल्या जातात, पंच त्या मोठ्याने तपासतो, नाव आणि क्रमांक जुळतो का पाहतो, दहा नावे असतील तर डीपी आणि फ्लेक्स कोण हे विचारतो. मग तो प्रश्न येतो: तुमच्या सगळ्या मुली नियमाप्रमाणे आणि योग्य रीतीने सज्ज आहेत का?

ज्याने फेब्रुवारीत प्रत्येक बॅट हातात फिरवली, हेल्मेटे उजेडात धरून तडे शोधले, टेप लावून ४३ फूट मोजले आणि दहा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, तो प्रशिक्षक पंचाच्या डोळ्यांकडे पाहून ‘हो’ म्हणतो. पंच घड्याळ पाहतो, याद्या घडी घालून खिशात ठेवतो, ब्रश काढतो आणि वाकून प्लेट झाडू लागतो.